बोअर गेज म्हणतो बरोबर, प्लग गेज आत जात नाही: सीएनसी लेथवरच्या पातळ बुशचं काय करावं?

जॉबवर्क
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो.

आमच्याकडे तिरक्या बेडचं दोन अक्षांचं सीएनसी लेथ आहे. आठ टूलचा टरेट, हायड्रॉलिक तीन जॉचा (जबड्यांचा) जॉब पकडणारा चक, फानुकचा कंट्रोल. सध्या त्यावर ईएन८ स्टीलचे बुश (पोकळ नळीसारखे तुकडे) चालू आहेत. बाहेरचा व्यास ४२ मिमी, टॉलरन्स शून्य ते उणे २५ मायक्रॉन. बोअर, म्हणजे आतलं भोक, ३६ मिमी, शून्य ते अधिक २५ मायक्रॉन. लांबी ६०. म्हणजे भिंत फक्त ३ मिमीची. पहिल्या सेटिंगला आतून पकडून बाहेरचा व्यास करतो, दुसऱ्या सेटिंगला सॉफ्ट जॉमध्ये (जॉबच्या मापाला कापून घेतलेले मऊ जॉ) बाहेरून पकडून बोअर.

तक्रारी दोन.

पहिली: डायल बोअर गेज कुठेही फिरवा, बोअर टॉलरन्समध्ये दिसतो. पण गो प्लग गेज (बोअरमध्ये जायलाच हवा असा मापाचा दांडा) जातच नाही. तोंडाशी अडकतो. जोर लावला तर रुतून बसतो आणि मग काढताना रामायण.

दुसरी: सकाळी जमवलेलं माप दुपारपर्यंत पळतं. दिवसपाळीचा ऑपरेटर ऑफसेट (कंट्रोलमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) एकीकडे सारतो, रात्रपाळीचा आल्या आल्या उलटीकडे. दोघंही शपथेवर सांगतात की समोरच्याने बिघडवलं.

मशीनची लेव्हल तपासली, ठीक आहे. बॅकलॅश डायल लावून पाहिला, तोही किरकोळ. आमच्या मालकांचं म्हणणं, मशीन म्हातारं झालं. मला ते पटत नाही. कुणी असा जॉब चालवलाय का?

शून्य_ऑफसेट
ऑफसेटला हात लावणं बंद करा, अर्धा प्रश्न सुटेल.

रात्रपाळी
आणि दिवसपाळीच्या माणसाचं ऐकणं बंद करा, उरलेला अर्धाही सुटेल. (स्वानुभव. कृ.ह.घ्या.)

आजोबा_लेथ
आम्ही साध्या लेथवर याहून पातळ बुश केलेत. हाताला कळायचं, टूल कापतंय की घासतंय. आता हिरवं बटण दाबायचं आणि काचेतून बघत उभं राहायचं. मग माप पळालं की मशीनला दोष. पोरांना आधी साध्या लेथवर वर्षभर उभं करा, मग या पेटीसमोर आणा.

तिरका_बेड
आजोबा, तुमचा मान राखून विचारतो: साध्या लेथवर तुम्ही चार जॉच्या चकात प्रत्येक जॉ बेताने आवळायचात ना? इथे पॅडल दाबलं की हायड्रॉलिक सिलिंडर एका दमात आवळतो. त्याला हात नसतो. धागाकर्त्यांचं दुखणं मला तिथेच दिसतंय. चकचं प्रेशर किती ठेवलंय?

जॉबवर्क
२५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). मशीन आलं तेव्हापासून तेवढंच आहे.

मायक्रॉन
२५ किलो आणि ३ मिमी भिंत! मग प्लग गेज न जाणं हेच अपेक्षित आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि लोक उगाच स्पिंडलची बेअरिंगं बदलत बसतात.

तीन जॉ बाहेरून दाबतात तेव्हा पातळ बुश जॉखाली आत दबतो आणि दोन जॉंच्या मधे बाहेर फुगतो. त्या दबलेल्या अवस्थेत तुम्ही बोअर मारता. टूलला त्याचं काहीच देणंघेणं नाही, ते चोख गोल बोअर मारतं. चकमध्ये असताना मोजलात तर गोलच. चक उघडला की बुश मूळ आकाराला परत येतो: बाहेरून गोल होतो आणि आतला बोअर तीन पाकळ्यांचा होतो.

आता बोअर गेज का फसतो ते पाहा. डायल बोअर गेज समोरासमोरच्या दोन बिंदूंतलं अंतर मोजतो. तीन पाकळ्यांच्या आकारात जिथे एका बाजूला फुगवटा असतो, तिथे बरोबर समोर खळगा असतो. एक अधिक, एक उणे, बेरीज तीच. म्हणून गेज गोल फिरवला तरी काटा हलत नाही. प्लग गेजला मात्र सगळीकडून एकदम आत जायचं असतं. त्याला तीन उंचवट्यांमध्ये बसणारं वर्तुळ लागतं आणि ते लहान असतं. प्रत्येक उंचवटा ८ मायक्रॉनचा धरला, तर बोअर गेजला जो व्यास दिसतो त्यापेक्षा प्लगला मिळणारी जागा १६ मायक्रॉनने कमी. २५ च्या टॉलरन्समध्ये हे कुठे मावणार?

पटत नसेल तर तीन बिंदूंचा बोअर मायक्रोमीटर घ्या आणि त्याच जागी थोडा थोडा फिरवत मोजा. रीडिंग बदलत गेलं तर पाकळ्या आहेतच. नसेल तर बुश व्ही ब्लॉकवर आडवा ठेवा, आत लीव्हर डायल लावा आणि बुश हळू फिरवा. एका फेऱ्यात काटा तीनदा वरखाली झाला की निकाल लागला.

खिळखिळा
वाचनखूण साठवली. आमच्याकडे याच कारणावरून गेज कॅलिब्रेशनला पाठवला होता, तो बिचारा निर्दोष सुटून आला.

शून्य_ऑफसेट
मायक्रॉन यांच्याशी सहमत. पण मग उपाय काय? प्रेशर कमी करा, एवढंच?

प्रोग्रॅमवाली
थांबा, "प्रेशर कमी करा" हे इतक्या सहज लिहू नका. कुणीतरी वाचून उद्या सकाळी १० किलोवर आणेल आणि जॉब चकमधून उडून दाराच्या काचेवर येईल.

चक फिरताना जॉ केंद्रापासून बाहेर फेकले जातात. बाहेरून पकडलेला जॉब असेल तर तेवढी पकड सुटते. हा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. आरपीएम दुप्पट केला तर पकडीतली घट चौपट होते. थांबलेल्या चकात जॉब हलवून घट्ट वाटला म्हणजे ३००० आरपीएमला घट्ट असेल असं नाही. जड सॉफ्ट जॉ लावले तर आणखी वाईट. आतून पकडलात तर उलटं, फिरताना पकड वाढते आणि पातळ बुश आणखी फुगतो. म्हणजे तुमच्या पहिल्या सेटिंगलाही हेच दुखणं असणार, फक्त ते बाहेरच्या व्यासावर.

म्हणून प्रेशर कमी करायचं तर आरपीएमला आधी लगाम हवा. जी९६ लावलात तर कंट्रोल कापण्याचा वेग कायम ठेवायला व्यास लहान होईल तसा आरपीएम चढवतो. १८० मीटर प्रतिमिनिटला ३६ च्या बोअरवर हिशेब साधारण १५९० आरपीएमचा येतो, ते ठीक. पण त्याच प्रोग्रॅममध्ये पुढचं टूल सेंटरला, म्हणजे एक्स शून्यावर आलं आणि जी९६ चालूच राहिला, तर शून्य व्यासाला गणितात अमर्याद आरपीएम हवा! कंट्रोल मग जिथे थांबवाल तिथपर्यंत चढतो. त्याला थांबवणारी ओळ म्हणजे जी५० आणि त्यापुढे एस. सीमेन्सवर त्यासाठी लिम्स आहे. ही ओळ प्रोग्रॅमच्या डोक्यावर नसेल तर मी तो प्रोग्रॅम मशीनवर चढूच देत नाही. ड्रिल आणि टॅप जी९७ वर, म्हणजे कायम आरपीएमवर, हे वेगळं सांगायला नको.

आणि चकला ग्रीस. कोरड्या चकात प्रेशर गेज तेच दाखवतो, जॉपर्यंत जोर मात्र पोचत नाही. आधी ग्रीस, मग प्रेशर.

तिरका_बेड
+१. चकच्या पाटीवर जास्तीत जास्त आरपीएम लिहिलेला असतो, तो त्याच्या नेहमीच्या जॉसाठी आणि पूर्ण प्रेशरला. लोक मशीनचा आरपीएम बघतात, चकचा बघत नाहीत.

उपायाबद्दल माझे दोन शब्द. पातळ बुशाला साधे सॉफ्ट जॉ नकोतच. रुंद जॉ घ्या, पाकळ्यांसारखे, तीन मिळून जवळजवळ पूर्ण वर्तुळ होईल असे. दाब तीन जागी न पडता सगळ्या घेरावर पसरतो. पण ते बोअर नीट केले तरच. आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

जॉ मोकळे ठेवून बोअर करू नका. मागच्या बाजूला रिंग पकडून, जॉ आवळलेल्या स्थितीत बोअर करायचे, आणि तेही ज्या प्रेशरला जॉब पकडणार त्याच प्रेशरला. नाहीतर जॉतली मोकळीक जॉब पकडल्यावर वेगळीकडे जाते आणि रनआउट येतो, म्हणजे जॉब केंद्र सोडून फिरतो. स्ट्रोकच्या मध्यावर ठेवा, टोकाला नको. प्रत्येक जॉवर १, २, ३ ठोकून ठेवा आणि परत लावताना त्याच खाचेत, त्याच दात्यांवर लावा. एक दाता सरकला की खेळ खलास.

बोअरचा व्यास जॉबइतकाच. जॉ जॉबपेक्षा मोठे झाले तर प्रत्येक जॉ फक्त मधोमध टेकतो, म्हणजे पुन्हा तीन बिंदू. केसभर लहान झाले तर प्रत्येक जॉ दोन कडांवर टेकतो, सहा जागी दाब पडतो, ते त्यातल्या त्यात बरं.

आजोबा_लेथ
हे मात्र बरोबर लिहिलंस. आम्ही फाटलेली रिंग घालायचो बुशावर, म्हणजे एका जागी कापलेली जाड रिंग, बुशाच्या मापाला बोअर केलेली. जॉ रिंगला दाबतात, रिंग बुशाला. पैशाचं काम नाही, भंगारातल्या तुकड्यात होतं.

मायक्रॉन
आजोबा, ही फाटकी रिंग अजूनही चालते. दोन-चार नगांच्या कामाला मी पण तीच वापरतो. शेकड्यांनी असतील तर घालाकाढायला वेळ जातो.

घासपूस
सगळं ठीक, पण एकाच सेटिंगमध्ये का नाही करत? पोकळ बारातून बाहेरचा व्यास, बोअर, फेस, आणि शेवटी पार्टिंग. पकड मागच्या जाड बारावर, बुशावर दाबच नाही. दोन व्यास एकमेकांशी समकेंद्री राहतील ते वेगळंच. एवढं साधं कुणालाच सुचलं नाही?

जॉबवर्क
सुचलं होतं. माल पार्टीकडून तुकडे कापूनच येतो. एका तुकड्यात एकच बुश निघतो, पकडायला मागे काही उरतच नाही.

घासपूस
मग माझं म्हणणं मागे. पण पार्टीला विचारून बघा. कापायचा खर्च त्यांचाही वाचतो.

रात्रपाळी
पोकळ बार घेतलात तर मागून स्पिंडलच्या बाहेर किती लोंबतोय ते आधी बघा. मागे आधार नसलेला बार वेगात वाकतो आणि एकदा वाकला की चाबकासारखा फिरतो, आसपास जे असेल ते झोडपतो. असं झालेलं मी पाहिलंय. मागची पत्र्याची जाळी दुमडून गेली होती. नशीब, तिथे कुणी उभं नव्हतं. बार स्पिंडलच्या आतच मावेल एवढा कापा, नाहीतर बार फीडर लावा. "हळू चालवतो" हे उत्तर नव्हे. कुणीतरी ओव्हरराइड फिरवतोच.

कोराकॅल्क्युलेटर
दुसऱ्या तक्रारीकडे कुणी वळलंच नाही. माप पळतं याचं गणित घ्या.

स्टीलचा एक मीटरचा तुकडा एका अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतो. तुमचा ४२ चा व्यास मशीनमधून निघाल्या निघाल्या खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर तो जवळजवळ साडेचौदा मायक्रॉन मोठा दिसतो. टॉलरन्सच्या अर्ध्याहून जास्त! गरम मोजून "वर आलंय" म्हणून ऑफसेट उणे केला, की थंड झाल्यावर जॉब हद्दीखाली. सगळी रेखाचित्रं २० अंशांची मापं सांगतात, हा आंतरराष्ट्रीय करार १९३१ चा आहे. २० अंशाची खोली कुणाकडे नसते हे मान्य. पण निदान जॉब, गेज आणि सेटिंग रिंग एकाच तापमानाला तर ठेवता येतात. जॉब मायक्रोमीटरजवळ प्लेटवर थोडा वेळ पडू द्या.

दुसरा भाग मशीनचा. एक्स अक्षाचा बॉलस्क्रू (टूलला जॉबकडे नेणारा-आणणारा स्क्रू) धावून धावून गरम होतो आणि लांबतो. स्पिंडल हेडही तापतं. २०० मिमी लांबीच्या स्क्रूला १० अंश चढले तर २३ मायक्रॉन. तुमच्या एक्सचा ऑफसेट व्यासात असतो, म्हणजे टूल २३ ने सरकलं तर व्यास ४६ ने बदलतो. सगळं काही एकाच दिशेला जात नाही, थोडं एकमेकांना खातं, पण पहिल्या तासात माप पळणारच. सुटीनंतर बंद मशीन चालू करून पहिलाच जॉब फिनिश करायला घेणं म्हणजे नशिबाशी जुगार. आधी स्पिंडल आणि दोन्ही अक्ष थोडा वेळ रिकामे पळवा, कूलंट चालू ठेवून.

जॉबवर्क
एक्स ऑफसेट व्यासात असतो हे माहीत होतं, पण स्क्रूची वाढ दुप्पट दिसते हे डोक्यात आलं नव्हतं. आमचं मशीन मधल्या सुटीतही बंद होतं. दुपारचं कोडं तिथेच असावं.

शून्य_ऑफसेट
आता माझी पहिली ओळ नीट उलगडतो. समजा मशीन आपोआपच ±४ मायक्रॉन इकडेतिकडे करतंय. एक जॉब +४ आला, ऑपरेटरने −४ दिला. पुढचा आपोआप −४ येणार होता, तो आता −८ आला. मग +८. अशाने पसारा वाढतच जातो, आणि प्रत्येकाला वाटतं आपण मशीनला सांभाळतोय. एकट्या जॉबवरून ऑफसेट बदलायचा नाही. सलग पाच मोजा, कागदावर ठिपके मांडा. ठिपके एका दिशेने सरकताहेत तरच ऑफसेट, आणि तोही वेअरमध्ये (झिजेची बारीक दुरुस्ती भरायच्या रकान्यात). ज्योमेट्रीला (टूलच्या मूळ मापाच्या रकान्याला) हात नाही. इन्सर्ट झिजत जातो तेव्हा बाहेरचा व्यास हळूहळू मोठा होतो आणि बोअर हळूहळू लहान. ठिपके त्या उलट दिशेला चालले असतील तर ती झीज नव्हे, उष्णता किंवा दुसरं काही.

तो कागद मशीनलाच अडकवा. रात्रपाळी आली की आधी कागद बघेल.

रात्रपाळी
बघेन. पण दिवसपाळीने खरे आकडे लिहिले तर.

आणि एक विनंती. वेअर देताना "इनपुट" आणि "+इनपुट" यातला फरक सगळ्यांना शिकवा. वेअर −०.०४ असताना −०.०१ वाढवायचा, तर +इनपुट. नुसतं इनपुट दाबलं तर जुनं −०.०४ जाऊन −०.०१ बसतं. पुढचा जॉब ३० मायक्रॉनने मोठा. रात्री तीनला हे शोधत बसलेल्याला विचारा.

प्रोग्रॅमवाली
तोच प्रकार दशांश बिंदूचा. ज्या फानुकवर साधी सेटिंग आहे तिथे एक्स५० असं बिंदूशिवाय लिहिलं तर ते ५० मिमी नसतं, ५० मायक्रॉन असतं. टूल सेंटरकडे झेपावतं. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एका शिकाऊ मुलाने एका रॅपिडमध्ये (न कापता पूर्ण वेगाने सरकताना) टरेट असा तिरका केला होता की तो पुन्हा सरळ करायला बाहेरून माणूस आणावा लागला. नवा प्रोग्रॅम असेल तर वर्क शिफ्टमधून झेड १०० मिमी बाहेर न्या, सिंगल ब्लॉक, रॅपिड २५ टक्के, आणि हवेत एकदा चालवा. डिस्टन्स टू गो (अजून किती सरकायचं उरलंय तो आकडा) बघत राहा. स्क्रीनवरचं सिम्युलेशन चकला ओळखत नाही.

आजोबा_लेथ
बघा! साध्या लेथवर दशांश बिंदू विसरता येत नाही.

तिरका_बेड
आजोबा, साध्या लेथवर आमचा एक काका चकची चावी चकमध्येच विसरला होता, ती थेट छपरात. प्रत्येक यंत्राचं आपापलं विसरणं असतं.

खिळखिळा
अवांतर: हे सगळं सुरू झालं ते लेथवर नव्हे. १९५२ मध्ये एमआयटीने पहिल्यांदा आकड्यांवर चालणारं मशीन दाखवलं ते मिलिंगचं होतं. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार हाताने काढून कंटाळलेल्या पार्सन्स यांच्या डोक्यातली मूळ कल्पना. आजोबांनी राग काढायचा तर मिलिंगवाल्यांवर काढावा.

आजोबा_लेथ
मिलिंगवाल्यांवर आमचा राग आधीपासूनच आहे.

चिप्सवाली
धागा चांगला चाललाय म्हणून सुरक्षेचा एक मुद्दा टाकते, रटाळ वाटला तरी. बोअरला पॉलिश द्यायला एमरी कागद बोटाला गुंडाळून फिरत्या जॉबमध्ये घालणारे अजून आहेत. दार उघडं, इंटरलॉकला चावी खुपसलेली, हातात ग्लोव्ह. कागद अडकला की बोट सोबत जातं. स्पिंडल थांबायची वाट बघत नाही. लांब चिप हाताने ओढणाऱ्यांनाही हेच. आकडी वापरा, स्पिंडल बंद करून. काचेवर कूलंटचा पिवळा थर चढलाय आणि बारीक चिरा दिसताहेत तर ती काच आता शोभेची आहे. पॉलीकार्बोनेट कूलंटने ठिसूळ होतं, बदला.

घासपूस
अनुमोदन. आणि फिनिश हवा असेल तर एमरीची गरजच पडू नये. फीड (एका फेऱ्यात टूल किती सरकतं) आणि नोज रेडिअस (टूलच्या टोकाची गोलाई) यांचा हिशेब करा. खडबडीची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले रेडिअसच्या आठपट. ०.८ रेडिअसला ०.२ फीड दिला तर सव्वासहा मायक्रॉन, ०.१ दिला तर दीडच्या आसपास. फीड निम्मा केला की खडबड चौथाई. पातळ बुशात मात्र मोठा रेडिअस नको, तो भिंतीला ढकलतो. ०.४ घ्या.

मायक्रॉन
बरोबर. शिवाय फिनिशला ठेवलेला माल रेडिअसपेक्षा फार कमी असेल तर टूल कापत नाही, घासतं. मग माप कधी येतं, कधी नाही. धागाकर्ते, बोअरिंग बार केवढा आहे आणि फिनिशला किती ठेवता?

जॉबवर्क
बार १६ चा, स्टीलचा, बाहेर साधारण ७० काढलेला. इन्सर्ट ०.८ रेडिअसचा. फिनिशला व्यासात ०.१ ठेवतो.

मायक्रॉन
घ्या! स्टीलच्या बारला व्यासाच्या चौपटीपर्यंत बाहेर काढायचं, तुमचा त्याच्याही पुढे गेलाय. आणि व्यासात ०.१ म्हणजे एका बाजूला फक्त ०.०५ माल, तोही ०.८ च्या रेडिअसखाली. बार मागे वाकतो, टूल घासतं. कच्च्या बोअरमध्ये कुठे जास्त माल, कुठे कमी असेल तर तोच आकार फिनिशमध्ये उतरतो. ३६ च्या बोअरमध्ये २५ चा बार आरामात जातो. १६ चा का घातलाय?

जॉबवर्क
टरेटवर आधीपासून तोच होता.

शून्य_ऑफसेट
हे वाक्य फ्रेम करून शेडमध्ये लावण्यासारखं आहे.

चिप्सवाली
२५ चा बार घालताना चिप्सना वाट राहते ना ते बघा. ३६ च्या बोअरमध्ये फार जागा उरत नाही. बारातून कूलंट जात असेल तर चिप्स मागे ढकलल्या जातील, तिथे चकमध्ये मोकळी वाट हवी.

जॉबवर्क
परत आलोय, थोडं काम करून.

आधी निदान: बुश व्ही ब्लॉकवर ठेवून आत लीव्हर डायल लावला. एका फेऱ्यात तीन चढ, तीन उतार. मायक्रॉन म्हणाले तसंच. बोअर गेज मात्र शेवटपर्यंत निर्विकार.

मग रुंद पाकळ्यांचे जॉ करून घेतले, रिंग पकडून फिनिशच्याच प्रेशरला बोअर केले. चक उघडून ग्रीस भरलं (आतून जे निघालं त्याचं वर्णन नको). प्रोग्रॅमला जी५० ची ओळ टाकली, ती खरंच नव्हती. रफ पूर्ण प्रेशरला, मग मशीन थांबवून चक उघडायचा, जॉब पुन्हा १२ किलोवर पकडायचा आणि फिनिश. २५ चा बार, ०.४ रेडिअस, एका बाजूला ०.२ माल. प्लग गेज आता हाताच्या वजनाने उतरतो.

माप पळणं बरंच कमी झालंय, संपलं नाही. मधल्या सुटीत मशीन रिकामं चालू ठेवतो. ठिपक्यांचा कागद लावला. दोन्ही पाळ्यांची भांडणं आता कागदावर होतात.

आता नवं दुखणं: अधूनमधून एखादा बुश फेसला तिरका येतो. बाकी सगळे सरळ. पॅटर्न सापडत नाही.

तिरका_बेड
रफनंतर चक उघडून पुन्हा पकडता ते उत्तम केलंत, रफचा ताण तिथेच सुटतो. तिरक्या फेसचं कारण बहुतेक पाकळ्यांच्या जॉमध्येच आहे. रुंद जॉ जॉबला सगळीकडून कवळतात, त्यामुळे आत स्टॉपरच्या कोपऱ्यात चिप बसली तर दिसतच नाही. बुश तिच्यावर टेकतो आणि तिरका बसतो. एखादाच येतो, कारण चिपही एखादीच राहते.

जॉच्या आतल्या कोपऱ्यात खाच काढा, म्हणजे बुशाची धार आणि चिप दोन्ही खाचेत जातील. स्टॉपरचा फेस सलग ठेवू नका, तीन लहान टेकू ठेवा. टेकायची जागा कमी, चिप बसायची शक्यता कमी.

प्रोग्रॅमवाली
आणि चक उघडल्यावर जॉब घालायच्या आधी कूलंटचा झोत जॉवर मारा. कुठल्याही रिकाम्या स्टेशनवरून एम०८ (कूलंट चालू) देऊन, स्पिंडल हळू फिरवत. प्रोग्रॅमच्या शेवटीच टाकून द्या, म्हणजे ऑपरेटरच्या आठवणीवर राहणार नाही. हवेची गन नको. ती चिप काढत नाही, स्लाइडच्या वायपरखाली घुसवते.

रात्रपाळी
हवेची गन नको हे दिवसपाळीला पण सांगा.

जॉबवर्क
खाच आणि तीन टेकू करून बघतो. जॉचं रेखाचित्र कुणाकडे असेल तर टाकाल का?

तिरका_बेड
टाकतो. तुमच्या चकचा दात्यांचा पिच आणि टी नटचं माप आधी कळवा. बहुतेक १.५ मिमी, ६० अंश असेल, पण मोजूनच सांगा. अंदाजाने केलेला जॉ बसतो, आवळला जातो, आणि फिरताना सुटतो.